गरम इंजिनावर सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी एका बोटावर चालू होते. तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलात आणि पुन्हा बटण दाबलं की नुसतं ‘खट’. वीस-पंचवीस मिनिटांनी गार झाल्यावर तीच गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू होते. गॅरेजपर्यंत नेईस्तोवर दोष गायब झालेला असतो, आणि मग ‘बॅटरी टाकून बघू’ हा ठरलेला सल्ला मिळतो. नवी बॅटरी दोन-तीन महिने दोष झाकून ठेवते. दोष मूळ जागीच असतो, तो पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतो.

म्हणून या दुखण्याचा पहिला नियम: गाडी गरम असताना, सेल्फ नाही म्हणत असतानाच मोजमाप घ्यायचं. गार गाडीवर घेतलेले आकडे तुलनेपुरते उपयोगाचे, निदानाला नाहीत.

हा लेख स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न, बुलेट अशा आपल्याकडच्या नेहमीच्या सिंगल सिलिंडर गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. वायरचे रंग आणि पार्टच्या जागा गाडीगणिक बदलतात, तपासण्याची पद्धत बदलत नाही.

गरम झाल्यावरच का?

गाडी चालत असते तोवर इंजिनाला वारा लागत असतो. इंजिन बंद झालं की वारा थांबतो, पण सिलिंडर आणि हेडमध्ये साठलेली उष्णता आजूबाजूच्या पार्टमध्ये शिरत राहते. सेल्फ मोटर तर इंजिनाच्या केसिंगलाच बोल्टने बसवलेली. त्यामुळे गाडी थांबवली त्या क्षणापेक्षा पाच ते पंधरा मिनिटांनी मोटर जास्त गरम असते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढून वर चहाला थांबणाऱ्यांना हा त्रास नेमका चहा संपल्यावर होतो, तो यामुळे.

मोटरीत तांब्याची गुंडाळी असते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. मोटर ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर गुंडाळीचा रोध सव्वापटीहून थोडा जास्त होतो, म्हणजे तेवढा करंट कमी. मोटरीतली चुंबकं बहुधा फेराइटची असतात, तीही तापल्यावर दर अंशाला साधारण ०.२ टक्के जोर गमावतात. करंट कमी आणि चुंबकही मंद, अशी दोन्हीकडून ताकद घटते.

एवढं असूनही निरोगी गाडी गरम असताना सेल्फवर लागते, कारण कंपनीने ताकदीत तेवढी सवड ठेवलेली असते. शिवाय गरम तेल पातळ झाल्याने इंजिन फिरवायला हलकंच लागतं. तेव्हा गरम झाल्यावर सेल्फ हरत असेल तर ती सवड आधीच कोणीतरी खाल्ली आहे असं समजायचं. कधी गंजलेलं टर्मिनल, कधी झिजलेले कार्बन (फिरत्या मोटरीला टेकून करंट देणारे ब्रश), कधी जळालेला रिले (बटणाच्या बारीक करंटवर मोटरीचा जाड करंट जोडणारा स्विच). उष्णता फक्त शेवटचा धक्का देते.

आधी कान लावा

पाना हातात घेण्यापूर्वी एक मिनिट काढा. न्यूट्रल करा, किल स्विच चालू बाजूला, साइड स्टँड वर, क्लच पूर्ण दाबलेला, चावी ऑन. आता बटण दाबा आणि ऐका.

काहीच आवाज नाही, रिलेचा ‘खट’सुद्धा नाही: दोष बटणापासून रिलेपर्यंतच्या बारीक वायरच्या वाटेत किंवा रिलेच्या कॉइलमध्ये.

एकच ‘खट’ आणि पुढे शांतता: रिले ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. रिलेचे आतले पॉइंट, जाड वायर, अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) किंवा खुद्द मोटर.

‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज: रिले ओढला जातो, मोटरीचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. हा आवाज जवळपास नेहमीच उतरलेल्या बॅटरीचा किंवा ढिल्या टर्मिनलचा.

मोटर फिरते, पण दमल्यासारखी, प्रत्येक कॉम्प्रेशनला अडखळत: बॅटरी कमजोर, वायरमध्ये गळती किंवा मोटर जास्त करंट ओढतेय. सगळ्यात जास्त तपासणी याच प्रकाराला लागते.

मोटर ‘घूंऽऽ’ करून जोरात फिरते, इंजिन मात्र हलत नाही: वन वे क्लच (मोटरीची फिरकी एकाच दिशेने इंजिनाला देणारा भाग) घसरतोय.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं, पण पकडत नाही: सेल्फचा काही दोष नाही. स्पार्क, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशनकडे वळा. बरेच नवखे इथेच फसतात आणि चांगली मोटर खोलून बसतात.

किक असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट लगेच बघून घ्या. गरम असताना किक नेहमीसारखी खाली जाते का? किक नसेल तर टॉप गिअर टाकून, चावी बंद ठेवून गाडी हळू पुढेमागे ढकला. इंजिन स्वतःच जड झालं असेल तर ऑइलची पातळी बघा आणि तिथेच थांबा. ऑइल कमी पडून पिस्टन धरायला लागलेल्या इंजिनावर सेल्फ मारत राहिलात तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी पट वाढेल.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, ८, १० आणि १२ चे पाने, स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर (४०० नंबर), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलिन, आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्पसाठी ब्रेकलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब होल्डरमध्ये घालून दोन वायर काढल्या की झालं. मल्टिमीटर एका तारेच्या धाग्यावरूनही १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला खराखुरा करंट लागतो, त्यामुळे सडलेली वायर तो लगेच पकडून देतो.

एक सावधगिरी: सेल्फचा करंट मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजायला जाऊ नका. मोटर सुरू होताना याच्या कितीतरी पट अँपिअर ओढते, मोठ्या इंजिनात शंभरच्या आसपास. मीटर जळेल. इथे आपण फक्त व्होल्ट मोजणार आहोत, २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर.

बॅटरी: तीन आकडे

गाडी चालवून आल्या आल्या बॅटरीवर तेराच्या वर आकडा दिसतो, त्याला भुलू नका. चार्जिंगची ती वरवरची सूज असते. चावी ऑन करून इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मिनिटभर लावून ठेवा, मग सगळं बंद करून मोजा.

पहिला आकडा, विश्रांतीतला: १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊणएक. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, अशा बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी फसवी ठरेल.

दुसरा आकडा, सेल्फ मारतानाचा: मीटरची टोकं बॅटरीवर धरून बटण तीन-चार सेकंद दाबा. इंजिन लगेच चालू होऊन मोजणी अर्धवट राहू नये म्हणून स्पार्क प्लगची कॅप काढून तिच्यात जुना प्लग घाला आणि त्या प्लगचं लोखंड इंजिनाला पक्कं टेकवून ठेवा. कॅप मोकळी लोंबकळत ठेवली तर कॉइल आणि सीडीआयला (स्पार्क सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) धोका. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचं कनेक्शनही काढा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठेल. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

तिसरा आकडा, चार्जिंगचा: इंजिन चालू करून ४ ते ५ हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. हे एकदा गार गाडीवर मोजा आणि एकदा अर्धा तास चालवून आल्यावर. गार असताना १४.२ आणि गरम झाल्यावर १२.९ दिसलं तर स्टेटर कॉइल (इंजिनावर वीज तयार करणारी) किंवा ती वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर तापल्यावर दम सोडतो आहे. मग बॅटरी वाटेतच रिकामी होत असते, आणि आपल्याला वाटतं की सेल्फ गरम झाल्यावर बंद पडतो. १५ च्या वर गेलं तर उलटा आजार, बॅटरी उकळतेय.

आता दुसऱ्या आकड्याचा अर्थ. सगळ्या तपासणीतला कळीचा मुद्दा हाच आहे.

मोटर फिरत नाही किंवा रडत फिरते, आणि बॅटरीवर व्होल्टेज ८-९ वर कोसळतं: करंट भरपूर वाहतोय. एकतर बॅटरीत दम नाही, नाहीतर मोटर आतून अडकल्यामुळे किंवा शॉर्ट झाल्यामुळे जास्त ओढतेय. दुसऱ्या गाडीची चांगली १२ व्होल्टची बॅटरी जोडून बघा. तिच्यावर फरक पडला तर आपली बॅटरी दोषी, नाही पडला तर मोटर.

मोटर फिरत नाही, पण बॅटरीवर व्होल्टेज १२ च्या वरच राहतं: करंट पोहोचतच नाही. इथे बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. वाट अडली आहे, ती शोधायची.

लेड-अॅसिड बॅटरी थंडीपेक्षा उबेत जास्त जोमाने करंट देते, हेही लक्षात ठेवा. ‘गरम झाल्यावरच बॅटरी डाउन होते’ हे निदान म्हणूनच संशयास्पद. एक अपवाद: बॅटरीच्या आत दोन सेल जोडणारी पट्टी तडकलेली असेल तर ती उष्णतेने आणि धक्क्याने मधूनच सुटते. तेव्हा विश्रांतीत १२.६ आणि बटण दाबताच चार-पाच व्होल्ट असा टोकाचा खेळ दिसतो.

हेडलाइट मंद होतो का, ही जुनी परीक्षा आता बऱ्याच गाड्यांवर चालत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, आणि अनेक गाड्यांत तो इंजिन चालू झाल्यावरच पेटतो. त्याऐवजी हॉर्न आणि इंडिकेटर लावून अंदाज घ्या.

वाटेत व्होल्ट कुठे सांडतात

बॅटरीपासून मोटरीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरच्या प्रत्येक सांध्यावर थोडे व्होल्ट खर्च होतात. किती, ते ओहमच्या रेंजवर कळत नाही. समजा टर्मिनलखाली गंज चढून फक्त ०.०२ ओहम रोध तयार झाला. साधा मीटर तो शून्यच दाखवेल. पण ६० अँपिअर वाहताना तिथे १.२ व्होल्ट जागच्या जागी जळतात आणि त्याची उष्णता त्याच सांध्याला आणखी बिघडवते. म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून.

चार मोजण्या घ्या. प्रत्येक वेळी बटण जास्तीत जास्त चार-पाच सेकंद, मध्ये निदान दहा सेकंद विश्रांती.

१. बॅटरीच्या प्लसच्या खुद्द शिशाच्या टर्मिनलवर एक टोक (वर बसवलेल्या थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर नव्हे), दुसरं रिलेच्या आत येणाऱ्या जाड बोल्टवर. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक.

२. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर एकेक टोक. बटण न दाबता इथे १२ व्होल्ट दिसतील, ते बरोबर आहे. दाबल्यावर ०.२ च्या आत यायला हवेत. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर रिलेचे पॉइंट जळालेत. ‘खट’ ऐकू आला आणि मीटर १२ वरच राहिला, तर आत संपर्कच होत नाही.

३. रिलेच्या बाहेर जाणाऱ्या बोल्टपासून मोटरीच्या बोल्टपर्यंत. ०.२ पर्यंत.

४. बॅटरीच्या मायनस टर्मिनलपासून मोटरीच्या उघड्या धातूच्या अंगापर्यंत. ०.२ ते ०.३. ही मोजणी लोक हटकून विसरतात, आणि दोष बहुतेकदा इथेच असतो.

अर्थची वायर इंजिनाच्या किंवा चेसिसच्या एका बोल्टखाली दाबलेली असते. तो बोल्ट चिखलाच्या फवाऱ्यात, सायलेन्सरच्या उष्णतेत आणि कधीकधी रंगाच्या थरावर बसवलेला. कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे हिरवट पांढरा थर धरतो. पावसाळ्यात इंजिन फारसं तापत नाही म्हणून गाडी चालून जाते, मार्च-एप्रिलमध्ये रड सुरू होते.

दुरुस्ती स्वस्त आहे. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. थिंबल आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. आधी व्हॅसलिन आणि मग आवळणं असं करू नका. थिंबलजवळ वायर बोटांनी दाबून बघा. आवरणाखाली कुरकुरीत, भुगा झाल्यासारखी लागली तर आतलं तांबं हिरवं होऊन तुटलंय, वायरच बदला. जुन्या गाडीला बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या बोल्टपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची एक जादा तांब्याची वायर टाकली तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

रिले आणि बटणाची बाजू

‘खट’सुद्धा येत नसेल तर रिलेच्या दोन बारीक वायरवर मीटर लावा, बटण दाबा. ११ च्या वर व्होल्ट येताहेत पण रिले ओढत नाही, म्हणजे रिलेची कॉइल तापून तुटते आहे. रिले बदला. सात-आठ व्होल्टच येताहेत, म्हणजे ते वाटेत सांडताहेत: चावीचा स्विच, किल स्विच, सेल्फचं बटण किंवा क्लच स्विच. रिलेची कॉइलही तांब्याचीच, तापल्यावर तिला ओढायला जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे गार असताना नऊ व्होल्टवर चालणारा रिले गरम झाल्यावर त्याच नऊवर ओढत नाही.

क्लच लिव्हरखालच्या स्विचच्या दोन वायर तात्पुरत्या एकमेकींना जोडून बघा. सेल्फ लागला तर स्विच स्वच्छ करा किंवा बदला. कायमची जोडून ठेवू नका, गिअरमध्ये असताना बटण दाबलं गेलं तर गाडी उडी मारेल. न्यूट्रलचा दिवा गरम झाल्यावर मंद होत असेल किंवा लुकलुकत असेल तर न्यूट्रल स्विच संशयित. साइड स्टँडला कट-ऑफ असलेल्या गाडीत तिथला चिखल आधी धुऊन काढा. बटणाचं खोकं उघडून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की पुष्कळदा काम भागतं, पण उघडताना आतली इवलीशी स्प्रिंग उडते, खाली फडकं पसरून ठेवा.

रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून मोटर फिरते का बघणं ही गॅरेजमधली जुनी युक्ती. कामाची आहे, पण ठिणग्या उडतात. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची आधी चाक फिरवून खात्री करा, पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात नको, आणि दांडा दुसऱ्या कुठल्या धातूला टेकू देऊ नका. असं जोडल्यावर मोटर जोरात फिरली तर रिले किंवा बटणाची बाजू दोषी. ठिणगी पडली आणि मोटर हलली नाही तर मोटर खोलायची तयारी करा.

खोलण्याआधी आणखी एक परीक्षा: ओलं फडकं पिळून फक्त मोटरीभोवती गुंडाळा, पाच-सात मिनिटं थांबा. इंजिन अजून तापलेलं असताना एवढ्याने सेल्फ लागला तर दोष मोटरीतच. पाणी ओतू नका. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर धातू वाकू शकतो.

मोटर खोलताना

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची मायनस वायर काढा. मोटरीवरच्या वायरचं रबर सरकवून नट सोडवताना तळातला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो न धरता वरचा नट फिरवला तर पूर्ण बोल्ट आत फिरतो, त्याची फायबरची वायसर फुटते आणि मोटर अंगालाच शॉर्ट होते. हा नवख्यांच्या हातून होणारा सगळ्यात महागडा अपघात. मोटर धरून ठेवणारे दोन बोल्ट काढून ती हलवत हलवत बाहेर ओढा. थोडं ऑइल गळेल.

उघडण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या झाकणांवर आणि मधल्या नळकांड्यावर सलग रेघ मारा. झाकण फिरून बसलं तर कार्बनची जागा चुकते, काही मोटरी उलट्याही फिरतात. आतल्या पातळ वायसर कुठल्या बाजूला किती होत्या त्याचा फोटो काढा.

आता बघायचं काय? कार्बन किती उरलेत आणि आपल्या खोबणीत मोकळे सरकतात का. किती झिजेपर्यंत चालतात तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल नसेल तर नव्याच्या निम्म्यावर आले की बदला. कार्बन आखूड झाले की मागची स्प्रिंग पुरेशी दाबत नाही, आणि स्प्रिंग तापल्यावर आणखी सैल पडते. गरम झाल्यावरचा ‘खट आणि शांतता’ हा प्रकार फार वेळा एवढ्यावरच सुटतो.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचं (मोटरीतल्या फिरणाऱ्या भागावरचं) तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, काळं पडलं असेल तर ४०० नंबरच्या पेपरची पट्टी गोल फिरवून साफ करा. पट्ट्यांच्या मधल्या खाचांत कार्बनची भुकटी भरलेली असते. ती लाकडी टूथपिकने किंवा जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या घासून पातळ केलेल्या टोकाने उकरून काढा. खाच पट्टीच्या पातळीखाली दिसली पाहिजे. मग मीटर बीपच्या (सलगतेच्या) रेंजवर: कुठल्याही दोन शेजारच्या पट्ट्यांत सलगता हवी, आणि कुठलीही पट्टी ते शाफ्ट यात सलगता बिलकूल नको. हीच शेवटची मोजणी आर्मेचर हेअर ड्रायरने पाच मिनिटं तापवून पुन्हा करा. गार असताना ठीक आणि तापल्यावर बीप वाजली तर गुंडाळीचं वार्निश गेलंय, आर्मेचर बदलायचं.

नळकांड्यात चिकटवलेली चुंबकं बोटाने ढकलून बघा. उष्णतेने डिंक सुटून एखादं सरकलेलं असतं आणि आर्मेचरला घासतं. आर्मेचरच्या लोखंडावर चमकदार ओरखडे दिसले तर चुंबक सुटलंय किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजून शाफ्ट डगमगतोय. आत ऑइलचा चिखल सापडला तर शाफ्टचं सील फुटलंय. कार्बनची भुकटी आणि ऑइल मिळून जो लगदा होतो तो करंट वाहून नेतो. पेट्रोलने नव्हे, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळवा, सील बदला. बुशला ग्रीस लावायचं ते थेंबभर. जास्त झालं तर तापून कम्युटेटरवर येतं.

जोडताना बाहेरच्या मोठ्या ओ-रिंगला इंजिन ऑइल पुसून बसवा. मोटरीच्या आणि केसिंगच्या टेकणाऱ्या जागा स्वच्छ, रंगाशिवाय हव्यात, कारण मोटरीचा अर्थ तिथूनच जातो. ६ मिमीच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन मीटर पुरेत, लांब पाना लावून पिळू नका.

वन वे क्लच

मोटर फिरते, इंजिन फिरत नाही, आणि गार असताना सगळं बरं. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) मागे बसणाऱ्या वन वे क्लचचे रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंगा झिजल्या की गरम, पातळ ऑइलवर ते घसरतात. आधी ऑइल बघा. कारचं ऑइल टाकलेलं असेल तर बदला. मोटरसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (जपानी मानक) लिहिलेलं, मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल हवं. त्यानेही भागलं नाही तर मॅग्नेट काढावा लागतो, त्याला पुलर लागतो. हातोड्याने ठोकून काढायचा प्रयत्न करू नका. बाहेर काढलेल्या क्लचचा गिअर एका दिशेला मोकळा फिरला पाहिजे आणि दुसऱ्या दिशेला जागीच धरला पाहिजे. बुलेटसारख्या मोठ्या सिंगल सिलिंडरवर उतरलेल्या बॅटरीने वारंवार सेल्फ मारला तर इंजिन उलटा झटका देतं आणि तो याच क्लचवर येतो.

इंजिन फिरतं पण पकडत नाही

इथे सेल्फला मोकळं सोडा. कार्बोरेटरच्या गाडीत थांबल्यावर फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल तापून सिलिंडरकडे जादा जातं. चोक न लावता थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा, पाच सेकंदांत पकडेल. पेट्रोलच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलं असेल तर झाकण उघडताच फुस्स होतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. स्पार्कच गायब होत असेल तर पल्सर कॉइल (स्पार्कची वेळ कळवणारी कॉइल, पल्सर गाडीशी संबंध नाही) तपासा. ती बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या आत ऑइलच्या उष्णतेत असते, तापली की आतली तार सुटते. आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलपेक्षा घट्ट ठेवला असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. तो नेहमी गार इंजिनावरच मोजायचा.

रस्त्यात अडकलात तर

सावलीत लावा, हेडलाइटचा स्विच असेल तर बंद करा, वीस मिनिटं द्या. तेवढ्यात बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने हलवून बघा, हलली तर आवळा. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, प्रत्येक वेळी मोटर आतून आणखी तापते. किक असेल तर किक मारा. नसेल तर दुसऱ्या गिअरवर, उतारावर, धक्का. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्क्याने उपयोग होणार नाही, कारण पंप आणि ईसीयूला (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वीज हवी. चालू झाली की घरी किंवा गॅरेजला पोहोचेपर्यंत बंद करू नका. आणि मेकॅनिकसमोर बंद करायची ती पोहोचल्यावर लगेच, गरम असतानाच: दहा मिनिटं थांबून त्याच्याच हाताने बटण दाबायला लावा, मीटर बॅटरीवर धरून.